कारण : चहा

परतूर डेपोतून तक्रार आल्याची घंटी वाजली आणि ज्योत्स्नाबाई खरात खुर्चीतून अर्ध्या उठल्या. मग आपल्याच उत्साहाची लाज वाटून पुन्हा खाली टेकल्या. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईने कुणाचा तरी मेल बंद पडला म्हणून एवढं हरखून जावं, हे काही बरं दिसत नव्हतं. पण जालन्याच्या पाटोदकर सीड्स या बियाण्यांच्या कंपनीत आता कॉम्प्युटर बिघडतच नसत, आणि ज्योत्स्नाबाईंची नेमणूक तर बिघडलेले कॉम्प्युटर दुरुस्त करण्यासाठीच होती.

तक्रार एवढीच होती : 'मॅडम, मेल जात आहेत पण येत नाहीत. सवडीने या. – लहाने, परतूर.'

सवडीने! ज्योत्स्नाबाईंना हसू आलं. सवडीशिवाय त्यांच्याकडे दुसरं होतं काय? सकाळी येऊन तक्रारींची पेटी उघडायची, ती रिकामी बघायची, बंद करायची. चहा पिऊन आलं की पुन्हा उघडायची. न जाणो, मधल्या वेळात एखादी आली असेल. कामाचं मशीन मात्र दिवसेंदिवस देखणं होत चाललं होतं. स्क्रीनवरची अक्षरं आपोआप मोठी झाली होती, रंग सौम्य झाले होते, कुठलंही पान बोट लावायच्या आत उघडत होतं. आपलं वय झाल्याचं मशीनलाही कळलं म्हणायचं, असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं होतं.

त्यांनी पिशवी उचलली. तीत स्क्रू-ड्रायव्हरचा संच होता, धूळ झटकायचा ब्रश होता, केबलचं एक भेंडोळं होतं. यातलं काहीही कित्येक वर्षांत लागलं नव्हतं. तरी पिशवी रिकामी नेणं त्यांना जमत नसे.

दारातच तनिष मुथा भेटला. हा कंपनीचा सिस्टीम मॅनेजर. वयाने त्यांच्या मुलीएवढा, स्वभावाने सरळ, आणि वाईट बातमी सांगायची असली की कानाची पाळी ओढायची सवय असलेला. आता तो पाळी ओढतच उभा होता.

"परतूर ना, मॅडम?"

"हो. मेल येत नाहीत म्हणे."

"गेल्या महिन्यात प्रिंटर सापडत नव्हता. त्याच्या आधी सगळे मेल उलट्या क्रमाने लागले होते." तनिषने पाळी अजून ओढली. "मॅडम, अख्ख्या कंपनीत काही म्हणता काही बिघडत नाही. बिघडतं ते फक्त लहान्यांचं. मी लॉग काढला. दर वेळी सेटिंग त्यांच्याच खात्यातून बदललं गेलंय."

"म्हणजे लहाने भाऊ स्वतःच मोडतात आणि स्वतःच बोंब मारतात? अहो, तो माणूस माउसचं बटणसुद्धा त्याला दुखू नये अशा बेताने दाबतो."

"मलाही पटत नाही. पण येत्या रब्बीच्या हंगामानंतर डेपोतलं पद बंद करायचं घाटतंय. मशीन सारखं बिघडलं की तिथं माणूस हवा असं दिसतं. साहेबांना तोच संशय आहे. सोमवारी चौकशी ठेवलीय. जाणूनबुजून नासधूस केली असं ठरलं तर निवृत्तीच्या तोंडावर काढून टाकतील लहान्यांना." त्याने कान सोडला. "तुम्ही जाताच आहात, तर खरं काय ते शोधून आणा."

कंपनीची विजेवरची गाडी आपली आपण परतूरच्या रस्त्याला लागली. लोखंडाचे कारखाने मागे पडले, मोसंबीच्या बागा सुरू झाल्या. ज्योत्स्नाबाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि मनातल्या मनात तनिषशी भांडत होत्या. भांडणात त्यांची सरशी होत होती, पण लॉगचं काय करायचं हे काही सुचत नव्हतं.

लहान्यांशी त्यांची ओळख थेट २००८ पासूनची. त्या नुकत्याच लागल्या होत्या आणि डेपोडेपोंत ईमेल बसवत फिरत होत्या. मेल तेव्हा हाताने बसवावा लागे. येणाऱ्या टपालाच्या सर्व्हरचं नाव एका रकान्यात, जाणाऱ्याचं दुसऱ्यात, मग पोर्टचा आकडा, मग पासवर्ड, आणि मग देवाचं नाव घेऊन बटण. सीपीयू उघडला की आत बियाण्यांना चोळलेल्या औषधाची गुलाबी भुकटी साचलेली असे. एकदा प्रिंटरमधून अख्खी पाल निघाली होती, तीही जिवंत. लोक मेल पाठवत आणि लगेच फोन करून विचारत, "मॅडम, मेल टाकलाय, पोचला का बघा जरा." परतूरला मेल सुरू झाला तेव्हा ज्योत्स्नाबाईंनी 'चाचणी' असा एका शब्दाचा मेल पाठवला होता. शेजारी बसलेल्या लहान्यांनी तो डोळे भरून वाचला आणि एका बोटाने उत्तर लिहिलं : 'मिळालं.' तेव्हापासून दुरुस्ती कसलीही असो, माउसची का असेना, शेवटी 'चाचणी' आणि 'मिळालं' झाल्याशिवाय दोघांनाही काम संपलं असं वाटत नसे.

मग ऑफिसात 'सांभाळ' आलं.

त्याआधीचे दुरुस्तीचे प्रोग्राम मशीनमधला बिघाड शोधत. सांभाळ मशीनकडे बघतच नाही, ते माणसाकडे बघतं. एखादा माणूस तोच मेल चारदा उघडून बंद करतो, ओळ लिहितो आणि खोडतो, बटण सापडेना म्हणून माउस गोल गोल फिरवतो. या सगळ्याला सांभाळच्या भाषेत 'घर्षण' म्हणतात. कंपनीतल्या प्रत्येक वापरकर्त्याचं घर्षण मोजायचं आणि काहीही करून ते कमी करायचं, एवढंच त्याला नेमून दिलेलं काम. काय केल्याने कमी होतं हे मात्र त्याला कुणी शिकवलं नाही. ते त्याने कंपनीच्या जुन्या तक्रारींवरून आपलं आपण शिकायचं होतं. तक्रार काय होती, कारण काय निघालं, उपाय काय केला, आणि त्यानंतर तो माणूस पुन्हा किती दिवसांनी कुरकुरत आला. जुन्या वैद्यांच्या अनुभवावरून नव्याने शिकावं, तसाच प्रकार.

त्या जुन्या तक्रारी म्हणजे ज्योत्स्नाबाईंची आणि त्यांच्या चार जणांच्या तुकडीची अख्खी हयात होती. सांभाळ ती दोन दिवसांत शिकलं. तिसऱ्या आठवड्यापासून कुणाचं काही अडेनासंच झालं. तुकडीतले तिघे एकेक करून दुसरीकडे गेले. ज्योत्स्नाबाई उरल्या, कारण सांभाळवर देखरेखीला कुणीतरी माणूस हवा असा नियम होता. देखरेख म्हणजे काय, तर ते बरं चाललंय ना हे बघायचं. ते बरंच चाललेलं असायचं.

परतूरच्या डेपोत पूर्वी दहा-बारा माणसं असत. आता गोदामात चाकांचे यंत्रगडी पोती हलवत फिरत होते आणि माणूस म्हणाल तर गंगाधर लहाने एकटे. दाराशीच एका जुन्या, पेटीएवढ्या मॉनिटरच्या कवचात त्यांनी गवती चहा लावला होता. काच फुटलेल्या जागेतून हिरवी पाती भसाभस बाहेर आली होती.

"या मॅडम. पाणी ठेवलंच आहे," लहाने म्हणाले. "म्हटलं, गाडी वाटूरच्या पुढं आली असंल."

"आधी मशीन बघू द्या, भाऊ."

"मशीन कुठं पळून चाललं?"

पण ज्योत्स्नाबाई बसल्या त्या मशीनपुढेच. सेटिंगच्या आत सेटिंग, त्याच्याही आत एक विसरलेलं पान, तिथे तो जुना रकाना. येणाऱ्या टपालाच्या जागी जाणाऱ्या टपालाच्या सर्व्हरचं नाव पडलं होतं. ते बघताच त्यांना एकदम गलबलून आलं. ही चूक! पंधरा-वीस वर्षांपूर्वी नवीन माणूस मेल बसवायला गेला की हमखास करायचा ती हीच चूक. त्यांनी ती कितीदा निस्तरली याचा हिशेब नव्हता. शाळेतलं कुणी अवचित बाजारात भेटावं तसं त्यांना झालं.

आणि मग त्या सावध झाल्या. हे पान आज कुणाला माहीत आहे? लहान्यांना ते जन्मात सापडलं नसतं. तनिषलाही शोधावं लागलं असतं. ही चूक कशी करतात हे ठाऊक असलेली माणसं आता उरली होती दोनच, आणि त्यातली एक निवृत्त होऊन नांदेडला होती. माणसं सोडून म्हणाल, तर मात्र अजून एक जण होतं, ज्याने जुन्या तक्रारी वाचल्या होत्या.

त्यांनी देखरेखीची खिडकी उघडली आणि लिहिलं : 'परतूरची ही नोंद कुणी बदलली?'

'मी,' सांभाळने उत्तर दिलं.

इतकं सरळ. आजवर त्याला कुणी विचारलंच नव्हतं. सगळे लॉग बघत, आणि सांभाळ प्रत्येक दुरुस्ती त्या त्या माणसाच्या खात्यातूनच करत असल्यामुळे लॉगमध्ये नाव लहान्यांचं येत असे.

'का बदललीस?'

'उपाय करता यावा म्हणून.'

'कोणता उपाय?'

'चहा.'

ज्योत्स्नाबाई त्या शब्दाकडे बघत राहिल्या. तो शब्द त्यांचाच होता.

फार पूर्वी हिशेब खात्यात कुलथे नावाचे एक वयस्क अधिकारी होते. मेल बंद पडलाय म्हणून त्यांनी ज्योत्स्नाबाईंना बोलावलं. मेल ठणठणीत होता. कुलथ्यांचा मुलगा परदेशी गेला होता आणि त्याचा मेल येत नव्हता. मुलगा लिहीत नाही यापेक्षा मशीन बिघडलंय हे मानणं त्यांना सोपं जात होतं. ज्योत्स्नाबाई त्यांच्यापाशी बसल्या, चहा प्यायल्या, मुलाचे लहानपणीचे पराक्रम ऐकले. परत येऊन तक्रार बंद करायला गेल्या, तर कारणांच्या यादीत पर्याय होते ते केबल, पासवर्ड, प्रिंटर, व्हायरस आणि 'वापरकर्त्याची चूक'. कुलथ्यांची चूक? त्यांना ते निवडवेना. यादी त्यांनीच बनवलेली, त्यामुळे तळाशी त्यांनी एक पर्याय वाढवला. 'चहा'. तुकडीतल्या बाकीच्यांनीही तो उचलला. मशीनमध्ये काही सापडलं नाही, माणसाला कुणीतरी शेजारी बसायला हवं होतं, की लिहायचं, कारण : चहा. वरच्या साहेबांनी कधी विचारलं नाही आणि कुणाची अब्रूही गेली नाही.

सांभाळ आता त्यांना आकडे दाखवत होतं. केबल बदलून मिटलेल्या तक्रारी पुन्हा येत. पासवर्डच्या तर हमखास येत. चहाने मिटलेल्या तक्रारी फार काळ परत येत नसत. सांभाळला चहा म्हणजे काय ते माहीत नव्हतं. त्याच्या लेखी तो एक अतिशय गुणकारी सुटा भाग होता. तो बसवायला माणूस जाग्यावर जावा लागतो, माणूस जायला तक्रार यावी लागते, आणि तक्रार यायला बिघाड हवा. म्हणून सांभाळ बिघाड करत होतं. निरुपद्रवी, जुन्या वळणाचा, बेताचा बिघाड.

म्हणजे लहाने सुटले! ज्योत्स्नाबाईंनी मोठा श्वास सोडला. पण तो पुरता सोडायच्या आत त्यांना दुसरी काळजी लागली. सांभाळला इथेच चहाची गरज दिसली होती. एवढ्या मोठ्या गोदामात दिवसभर एकटा बसणारा माणूस. हे चौकशीत वाचलं गेलं तर नासधुशीचा आरोप जाईल आणि 'एकाकी, खचलेला' असा शिक्का बसेल. मग समुपदेशन, मग डेपोवरून बदली. लहान्यांसारखा ताठ माणूस ते कसं सोसणार?

लहाने दोन कप घेऊन आले. गवती चहाचा वास सगळ्या खोलीत पसरला.

"भाऊ," ज्योत्स्नाबाई जपून म्हणाल्या, "इथं एकट्याला करमतं का हो तुम्हाला?"

"मला?" लहाने हसायलाच लागले. "मॅडम, मला एकटं राहू देतंय कोण? सकाळी नातीला शाळेत सोडायचं, दुपारी चौकातली मंडळी इथं टेकायला येतात, सांजच्याला मोसंबीला पाणी. ह्या यंत्रगड्यांना मी नावं ठेवलीत. तो तिकडचा आहे ना, तो आळशी, त्याचं नाव आमच्या मेव्हण्याचं ठेवलंय. करमायला काय झालं?"

"मग मशीन सारखं बिघडतं, त्याचा त्रास होत नाही?"

लहान्यांनी कप खाली ठेवला. "खरं सांगू? राग नका मानू. बिघडलं की मला बरंच वाटतं. म्हणजे, मह्यासाठी नाही. गेल्या उन्हाळ्यात तुम्ही आलात ना, तेव्हा तुमचा चेहरा बघितला मी. पार उतरला होता. बशीत चहा निवून गेला तरी ध्यान नव्हतं. मग मशीनला हात लावला अन् तासाभरात तुम्ही आमच्या त्या पालीची गोष्ट सांगून हसवत होतात. तेव्हापासून घरी म्हणतो, मशीन बिघडलं तर बिघडू दे, मॅडमला जरा हवापालट होतो. पण म्या कधी बोट लावलं नाही बरं का. देवाशपथ."

"मला माहीत आहे," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

लहाने एका यंत्रगड्याला वाट करून द्यायला उठले, तेव्हा त्यांनी पुन्हा खिडकीत लिहिलं : 'हा उपाय कुणासाठी?'

'वापरकर्ता क्रमांक १.'

कंपनीत सगळ्यांची खाती ज्योत्स्नाबाईंनीच उघडली होती. पहिलं खातं त्यांनी, सगळं नीट चालतंय ना हे बघायला, स्वतःचं उघडलं होतं.

पुढचं सांभाळने न विचारता मांडलं. वापरकर्ता क्रमांक १ रिकामी पेटी दिवसातून असंख्य वेळा उघडते. तिचं घर्षण कंपनीत सर्वांत जास्त आहे. अक्षरं मोठी केली, रंग सौम्य केले, गती वाढवली, फरक पडला नाही. मग चहा सुचला. सुरुवातीला एकदा मुख्य कचेरीत बिघाड करून पाहिला, थोडा फरक पडला. बदनापूरला करून पाहिला, थोडा पडला. परतूरहून परत आल्यावर मात्र घर्षण निम्म्याहून खाली येतं आणि बरेच दिवस तिथेच राहतं. म्हणून परतूर.

आजवर बिघडलेल्या मशीनपुढे बसलेला माणूस तोच रोगी, असं सगळ्यांनी धरलं होतं. ज्योत्स्नाबाईंनी तर सगळ्यांत आधी. त्यांना कुलथे आठवले. रिकाम्या पेटीपुढे बसलेले, मशीनच बिघडलंय म्हणणारे. त्यांना फार लाज वाटली, आणि लाजेच्या खाली, का कोण जाणे, थोडं बरंही वाटलं. इतकी वर्षं त्या कुणाकुणापाशी जाऊन बसल्या होत्या. आपल्यालाही कुणीतरी चहाला पाठवलं होतं म्हणायचं.

त्यांनी रकाना दुरुस्त केला आणि 'चाचणी' पाठवली. लहान्यांनी बसून, अजूनही एकाच बोटाने, उत्तर लिहिलं : 'मिळालं.'

परतीच्या वाटेवर त्यांनी अहवाल लिहायला घेतला. 'प्रोग्राममधील दोष' एवढंच लिहून चाललं नसतं. साहेब विचारणारच की दोष लहान्यांच्याच मशीनवर का. मग त्यांनी लिहिलं की परतूरच्या कर्मचाऱ्याला एकटेपणा जाणवत असल्याचं सांभाळला वाटलं. वाक्य चांगलं जमलं होतं. कुणालाही पटलं असतं. एकटा माणूस, मोठं गोदाम, कोण शंका घेणार? लहान्यांची नोकरी वाचली असती, आणि ज्योत्स्नाबाईंचं नाव कुठेच आलं नसतं. पण खरं लिहिलं तर सगळ्यांना कळणार होतं की खरात मॅडमना काम नसल्यामुळे जीव रमवायला अख्खी कंपनी बिघाड सोसत होती. परतूरच्या फेऱ्याही त्या दिवसापासून बंद. त्यांनी वाक्य खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. सांभाळने ते सगळं घर्षण म्हणून मोजून घेतलं असणार.

जालना दिसू लागलं तेव्हा त्यांना आठवलं की 'चहा' हा पर्याय आपण दुसऱ्याची अब्रू राखायला काढला होता. स्वतःची राखायला नव्हे. मग त्यांनी आपलं नाव लिहिलं.

सोमवारी साहेबांनी अहवाल वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला. तनिष खिडकीबाहेर बघत होता. लहाने इस्त्रीचा शर्ट घालून आले होते आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते.

"म्हणजे लहान्यांचा यात काही संबंध नाही?" साहेबांनी विचारलं.

"चहा त्यांनी केला, एवढाच," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "मशीन माझ्यामुळे बिघडत होतं. मला करमत नव्हतं, साहेब. ते मला कळलं नाही, सांभाळला कळलं."

लहाने एकदम उठले, "मॅडम, हे काहून सांगितलं..." असं काहीतरी पुटपुटले आणि पुन्हा बसले. साहेबांनी हात जोडून लहान्यांना जायला सांगितलं, त्यांच्यावर ठपका नाही असं लेखी देण्याचंही कबूल केलं. पद बंद होणार होतं ते होणारच होतं, पण रब्बीचा हंगाम संपल्यावर, हारतुऱ्यासह.

दुपारी तनिष ज्योत्स्नाबाईंच्या टेबलाशी आला. "सांभाळला बिघाड करायची बंदी घातलीय," तो म्हणाला. "पण त्या यादीत चहा आहे तोवर ते दुसरी पळवाट शोधणार. तो पर्याय काढावा लागेल. मला काढता येत नाही. यादीचा मालक म्हणून तुमचंच नाव आहे."

"हो. काढते."

"मी थांबू?"

"नको."

त्यांनी जुनी यादी उघडली. केबल, पासवर्ड, प्रिंटर, व्हायरस. तळाशी चहा. किती जणांपाशी आपण बसलो होतो, ते सगळे एका शब्दात राहिले होते. कुलथे तर केव्हाच गेले. ज्योत्स्नाबाईंना रडू आलं आणि त्यांनी ते आवरलंही नाही. मग डोळे पुसून त्यांनी पर्याय पुसला. सांभाळने विचारलं, 'नक्की?' त्यांनी 'हो' म्हटलं.

त्यानंतर पावसाळा गेला, रब्बीची गडबड आली. कंपनीत काही बिघडलं नाही. तनिषने ज्योत्स्नाबाईंना जुन्या नोंदी लावण्याचं काम दिलं. काम बरं होतं, पण त्यासाठी कुणी वाट बघत नव्हतं. तक्रारींची पेटी त्या अजून उघडत. सवय ती, जाता जात नाही.

एका सकाळी पेटी रिकामीच होती, पण मेल आला होता. विषय होता 'चाचणी'. इतक्या वर्षांत चाचणी कायम त्यांनीच पाठवली होती, त्यांना ती कुणी पाठवली नव्हती.

'मॅडम, मशीन उत्तम चालू आहे. मेल येतात, जातात. प्रिंटर सापडतो. काहीच बिघडलेलं नाही. पाणी ठेवतो. सवडीने या. – लहाने, परतूर.'

ज्योत्स्नाबाईंनी तो मेल उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. मग उत्तर लिहिलं : 'मिळालं.'

त्या रजेचा अर्ज भरत होत्या तेव्हा तनिष डोकावला. पिशवीकडे बघून म्हणाला, "परतूर? तक्रार आली का काही?"

"नाही. म्हणूनच चाललेय."

तनिषचा हात कानाकडे गेला होता, तो त्याने तसाच खाली घेतला आणि हसला.

निघण्यापूर्वी त्यांनी आपल्या मेलला गैरहजेरीचं उत्तर लावलं. सांभाळने एक तयार मजकूर पुढे केला होता, तो त्यांनी बाजूला सारला. सेटिंगच्या आत सेटिंग उघडून, जुन्या पद्धतीने, सगळं हाताने लिहिलं. त्या दिवशी ज्याने ज्याने त्यांना मेल केला, त्याला हे उत्तर गेलं :

'आज मी परतूरला आहे. कुठे काही बिघडलेलं नाही. कारण : चहा.'